बोटावरची दोरी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारी माणसं बदलतात, प्रश्न तोच असतो: ‘‘तासन्‌तास पाण्याकाठी बसता, बऱ्याचदा रिकाम्या हातानं परत येता, मिळालेले मासेही बहुतेक सोडून देता, मग जाता तरी कशासाठी?’’ आजवर मी ‘बरं वाटतं, मन शांत होतं’ एवढंच सांगून विषय बदलत आले. ते खोटं नाही. पण मन शांत करायला नुसतं काठावर बसलं तरी पुरतं, त्यासाठी गळ लागत नाही. शिवाय दोरी पाण्यात असते तेव्हा मी शांत नसतेच. माझा सगळा जीव उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाशी येऊन बसलेला असतो.

बाबांनी मला गळ टाकायला शिकवलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. काठी नव्हती, रीळ नव्हतं. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला गळ, त्याच्या वीतभर वर शिशाची गोळी, बस्स. पहाटेचा अंधार होता. मी बूच मागितलं, कारण चित्रातल्या मासे पकडणाऱ्यांकडे ते असायचंच. बाबा म्हणाले, ‘‘बूच नको. ते बुडलेलं तुला दिसेपर्यंत मासा आमिष थुंकून गेलेला असतो. दोरी बोटावर घे आणि डोळे मीट.’’

आधी काहीच कळेना. मग प्रवाहाची बारीक थरथर जाणवायला लागली. मग शिसं दगडावरून गडगडत सरकल्याची टकटक. मग ते कशात तरी मऊ रुतलं. ‘‘चिखल आला का, बाबा?’’ ‘‘आला. आता दोन हात ओढ, पुन्हा दगडावर आण.’’ त्या डोहाचा तळ मी कधी पाहिला नव्हता, पण अर्ध्या तासात तो मला घरातल्या अंधाऱ्या जिन्यासारखा ओळखीचा झाला. आणि मग दोरीतून असं काही आलं, जे पाण्याचं नव्हतं आणि दगडाचंही नव्हतं. दोन छोट्या टोचण्या, मध्ये विराम, पुन्हा एक. मी ओरडलेच. बाबा हळूच म्हणाले, ‘‘थांब गं, अजून चाखतोय तो.’’

मी थांबले नाही. हिसका दिला आणि मोकळा गळ वर आला. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या हुकलेल्या माशापाशीच आहे. त्याला मी दिसत नव्हते, मला तो दिसत नव्हता, आणि एकाच दोरीची दोन टोकं आम्हा दोघांकडे होती. माझा हात जिथे कधी पोचला नसता तिथे तो पोचला होता, आणि तिथून कुणीतरी त्याला शिवलं होतं.

पुढे कधीतरी वाचलं की आपल्या बोटांच्या कातडीखाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखी रचना असलेले सूक्ष्म स्पर्शग्राही असतात. इटलीचे शरीरशास्त्रज्ञ फिलिपो पाचिनी यांच्या नावानं ते ओळखले जातात. सेकंदाला दोनशे-अडीचशेच्या आसपास कंपनं असली की त्यांना सर्वांत नीट कळतं, तेही कंपन मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक असलं तरी. रोजच्या जगण्यात आपण या देणगीकडून काय काम घेतो? काच चोळतो, बटणं दाबतो. दोरी बोटावर घेतली की तीच कातडी पाण्याखालच्या बातम्या वाचायला लागते. लहान मासे टुकटुक करत आमिषाच्या कडा कुरतडतात. कार्पसारखा मासा आमिष तोंडात ओढून घेतो, पारखतो, पुन्हा बाहेर फुंकतो, त्यामुळे दोरी एकदा किंचित ताठ होते आणि सैल पडते. शिकारी मासा असलं काही करत नाही, तो येतो आणि घेऊनच जातो. खेकडा असेल तर ओझं हळूहळू एका बाजूला सरकतं, त्यात धडधड नसते. या सगळ्यांना आपापलं हस्ताक्षर आहे, आणि ते ओळखता यायला मला काही वर्षं लागली.

‘‘तुमच्याकडे फार संयम असणार,’’ असंही लोक कौतुकानं म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. बस थांब्यावर लागतो तो संयम. पाण्याकाठी मी एकामागून एक अंदाज बांधत असते आणि बहुतेक अंदाज चुकत असतात. वाहत्या नदीत एक मोठा धोंडा आहे असं समजा. त्याच्या दोन्ही अंगांनी पाणी जोरात निघून जातं, मागे मात्र एक संथ जागा तयार होते. माशाला प्रवाहाशी झगडण्यात शक्ती घालवायची नसते, पण खाणं तर प्रवाहच आणतो. म्हणून तो संथ आणि वेगवान पाण्याच्या शिवेवर थांबतो, अंग इकडे आणि नजर तिकडे. ही शीव वरून पाहिली तर पाण्यावरची एक चुरगळलेली रेघ असते, फेसाचे चार बुडबुडे तिच्या कडेनं जात असतात. एकदा ती रेघ दिसायला लागली की नदीकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही. पुलावरून जाताना, गाडीच्या खिडकीतून, मी आजही आधी धोंडे आणि रेघा शोधते.

उन्हाळ्यात हा हिशेब बदलतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. १० अंश सेल्सिअसला एका लिटर गोड्या पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. मग मासे जिथे पाणी दगडांवरून खळखळत हवा ओढून घेतं तिथे सरकतात, नाहीतर जिथे एखादा थंड झरा येऊन मिळतो तिथे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एका तापलेल्या महिन्यात सलग सात वेळा मी आवडत्या डोहावर बसून काहीही न मिळता परतले होते. आठव्या वेळी कंटाळून पाय भिजवायला वरच्या उथळ खळखळाटात गेले, तर तिथे माशांच्या पाठी चमकत होत्या. सात दिवस मी चुकीच्या दाराशी उभी होते. त्या दिवशी झालेला आनंद मला मासा मिळण्याच्या आनंदापेक्षा मोठा वाटला.

माशाच्या बाजूनं जग कसं दिसत असेल याचा विचार तर मी किती वेळा करते! पाण्यातून वर पाहिलं की काठ, झाडं, आकाश, सगळं एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत मावतं. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो आणि तळाचंच प्रतिबिंब दाखवतो. काठालगत वाकून बसलेलं माणूस त्या खिडकीच्या अगदी कडेला दाबलं जातं, उभं राहिलेलं मात्र आत शिरतं. म्हणून आम्ही ओणवे होऊन चालतो. आपली फसगत वेगळी असते: सरळ खाली पाहिलं तर चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर असल्यासारखा वाटतो.

आणि हो, काठावर बोलू नये असं जे सांगतात ते फारसं खरं नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परत फिरतो. पण पाय आपटला, डबा दगडावर आदळला, तर ती कंपनं जमिनीतून पाण्यात उतरतात, आणि माशाच्या दोन्ही कुशींवरून गेलेली संवेदनांची रेषा पाण्याची हालचाल टिपत असते. बाबांना यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. त्यांचा नियम होता, ‘‘तोंड चालू दे, पाय नको.’’ त्या नियमामुळे आम्ही खूप बोललो. घरात समोरासमोर बसून जे आमच्या तोंडून कधी निघालं नसतं ते शेजारी बसून, दोघांची नजर पाण्यावर असताना, निघायचं. त्यांचे वडील कसे गेले ते त्यांनी मला तिथे सांगितलं. मला शिक्षण अर्धवट सोडायचंय हेही मी त्यांना तिथेच सांगितलं. उत्तर द्यायची घाई नसायची. मध्येच दोरी हलली की विषय थांबायचा आणि नंतर पुन्हा सुरू करायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

मानसशास्त्राचं एक उत्तर मला माहीत आहे. बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर थकल्याशिवाय कळ टोचत राहतं. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर माणसाला खिळवून ठेवतं, आणि गळ टाकणाऱ्यालाही तेच खिळवतं असं म्हणतात. ‘आता एकदाच, शेवटचं’ असं म्हणत मी किती संध्याकाळी अंधार होईपर्यंत गळ फेकत राहिले आहे, त्यामुळे यात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. पण यंत्रापुढे हजार तास बसलं तरी यंत्राबद्दल काही नवीन कळत नाही. पाणी दर वेळी काहीतरी शिकवून पाठवतं, मासा न देतासुद्धा. मला वाटतं, आज न आलेला मासा उद्या कुठे असेल हे कळण्याची ओढ त्या बक्षिसाच्या ओढीपेक्षा जुनी असावी. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या साकितारी गुहेत सागरी गोगलगायीच्या शंखापासून घासून केलेले गळ सापडले, ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे आहेत. २०१६ मध्ये त्यांचे फोटो पाहिले तेव्हा मी बराच वेळ ते मोठे करून पाहत होते. तोच बाक, तेच टोक. ज्यानं तो घासला त्याला जगायला मासा हवा होता, मला तसा नको असतो. पण त्याच्याही बोटावर तीच टोचणी आली असणार.

आता जो प्रश्न कमी लोक विचारतात आणि जो मला जास्त लागतो. माशाला दुखतं का? लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रेनबो ट्राउट माशांच्या डोक्यात आणि तोंडाजवळ वेदनाग्राही असल्याचं दाखवलं. ओठात ॲसिटिक आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते आणि बराच वेळ खात नव्हते. या निष्कर्षांचा अर्थ काय लावायचा यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, पण मी त्या वादाच्या आडोशाला उभी राहत नाही. मी धरून चालते की दुखतं. ते वाचल्यावर मी जवळजवळ दीड वर्ष गेले नाही.

परत गेले तेव्हा माझ्या पद्धती बदलल्या होत्या. गळाचा काटा, म्हणजे टोकामागचा जो उलटा दात असतो तो, मी पकडीनं दाबून सपाट करते. त्यामुळे काही मासे निसटतात, निसटू देत. गळ काढताना मासा शक्यतो पाण्यातच ठेवते. उचलावाच लागला तर आधी हात ओले करते, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला रोगांपासून राखत असतो. शिशाची वजनं मी सोडून दिली, कारण काठावर सांडलेलं शिसं पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि त्यानं मरतात. ब्रिटननं बहुतेक शिशाच्या वजनांवर १९८७ मध्येच बंदी घातली. खायचा असेल तो मासा लगेच मारते, तडफडत ठेवत नाही. एवढं केल्यावर माझा हिशेब चुकता झाला असं मी म्हणणार नाही. ज्या जिवाची मला एवढी ओढ आहे त्याला मी दुखावते, हे मला दर वेळी माहीत असतं, आणि तरी मी जाते. कुणाला हे पटत नसेल तर त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

शेवटच्या चार-पाच वर्षांत बाबांची नजर काचबिंदूनं जवळजवळ गेली होती. पेपर बंद झाला, टीव्ही नुसता ऐकायचे. पाण्यावर यायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. मी हात धरून काठापर्यंत न्यायची, सपाट दगड पाहून बसवायची, आमिष लावून गळ फेकून द्यायची आणि दोरी त्यांच्या बोटावर ठेवायची. तिथून पुढे त्यांना माझी गरज नसायची. मी त्यांच्या शेजारी माझी दोरी घेऊन बसायची, आणि ते न विचारता मला तळ सांगत जायचे. ‘‘वाळू आहे. आता बारीक खडे. इथे काहीतरी लाकूड पडलंय गं, जपून ओढायला हवं.’’ मग गप्प व्हायचे. त्यांची मान थोडी कलायची, जसं कुणी दाराबाहेर आल्यासारखं वाटावं, आणि मोकळा हात माझ्या मनगटावर यायचा.

‘‘थांब,’’ ते म्हणायचे. ‘‘आलाय.’’