हाताची घडी, तोंडावर बोट

परवा दुपारी वामकुक्षीच्या नावाखाली फोन चाळत पडलो होतो, तर होंग म्युंगबो समोर आला. दक्षिण कोरियाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. मैदानाच्या कडेला उभा, हाताची घडी, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. तोंडावर बोट ठेवायचं तेवढं बाकी होतं. मैदानात काहीतरी घडत असावं, कारण मागचे लोक उभे राहून ओरडत होते. ते काय होतं, ते मी बघितलंच नाही.

ही माझी जुनी खोड. सामना कुठलाही असो, कॅमेरा डगआउटवर, म्हणजे कडेला प्रशिक्षक बसतात तिथे, गेला की माझं मन तिथेच रेंगाळतं. घरचे वैतागतात. ‘गोल झाला ना इकडे!’ झाला असेल. मला बाहेर बसलेल्या त्या माणसाचं काय झालं ते बघायचं असतं, विशेषतः तो एके काळी स्वतः खेळलेला असेल तर.

होंग खेळलेला होता, आणि कसा! १९९०, १९९४, १९९८, २००२, असे सलग चार विश्वचषक. जागा स्वीपरची, म्हणजे बचावफळीच्याही मागे उभं राहून सगळ्यांच्या चुका निस्तरायच्या. पण हा गडी मागे राहायचा नाही. १९९४ साली डॅलसमध्ये कोरिया स्पेनविरुद्ध दोन गोलांनी मागे होता, पाचेक मिनिटं उरलेली, आणि याने पुढे येऊन गोल मारला. मग आणखी एक झाला आणि सामना २-२ सुटला. पुढे जर्मनीलाही याने एक गोल मारून दाखवला. सामना हरले, पण ३-२ असा.

माझी त्याची ओळख २००२ ची. तो विश्वचषक कोरिया-जपानमध्ये असल्यामुळे आपल्याकडे सामने भर दुपारी लागायचे. स्पेनविरुद्धची उपांत्यपूर्व फेरी २२ जूनला, शनिवारी, आपल्या घड्याळात ठीक बारा वाजता सुरू झाली. वरणभाताचं ताट मांडीवर, बाहेर पाऊस, आणि पडद्यावर ग्वांगजूचं लालभडक मैदान. स्पेनचे दोन गोल नाकारले गेले, त्यावरून अजून वाद होतात, होऊ देत. गाडी पेनल्टींवर आली. स्पेनच्या वाकीनच्या शूटवर कोरियाचा गोलरक्षक ली वून-जेनं झेप घेतली, चेंडू अडला, आणि पाचव्या पेनल्टीला कर्णधार होंग चालत आला. सगळ्या स्पर्धेत हा माणूस हसलेला मी पाहिला नव्हता. स्पेनचा गोलरक्षक कासियासच्या मागे जाळी हलली आणि होंग दोन्ही हात पसरून जो धावत सुटला, तो तोंडभर हसत. बत्तीस-तेहतीस वर्षांच्या बाप्याचा चेहरा क्षणात शाळेतल्या पोराचा झाला. विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणारा कोरिया हा आशियातला पहिला संघ. होंगला स्पर्धेतल्या तिसऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा ब्राँझ बॉलही मिळाला.

त्या संघाचा एक किस्सा सांगतात. कोरियात वयाचा मान फार. मैदानातही धाकटी पोरं मोठ्यांना अहो-जाहो करणार आणि पासही त्यांनाच देणार. डच प्रशिक्षक हिडिंक म्हणाला, हे बंद. मग एका धाकट्यानं भर जेवणाच्या वेळी थेट हाक मारली, ‘म्युंगबो, चल जेवायला!’ आमच्या घरात काकांना कुणी असं म्हटलं असतं तर जेवणच मिळालं नसतं.

पण मला सांगायचं होतं ते कडेला उभं राहण्याबद्दल. आमच्या चाळीत गॅलरीच्या टोकाला, पिवळ्या दिव्याखाली कॅरम चालायचा. नानांनी तरुणपणी कैक बोर्ड गाजवले होते म्हणे. आम्ही खेळायला लागेपर्यंत त्यांचा हात थरथरायला लागला होता. मग ते मागे उभे राहायचे, हात पाठीशी बांधून, कारण मोकळे सोडले की आपोआप बोर्डाकडे जायचे. एखाद्यानं राणी घेतली आणि कव्हर समोर असताना भलत्याच सोंगटीवर स्ट्रायकर लावला, की डोक्यावरून फक्त ‘च्’ असा आवाज यायचा. एवढंच. पण त्यानं बोट असं कापायचं की स्ट्रायकर स्वतःच पॉकेटात. तेव्हा नानांचा राग यायचा. त्यांचं काय होत असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार!

होंग तर ‘च्’ही करत नाही.

त्याची एक सवय मात्र सुटली नाही, आपल्या माणसाच्या मागे उभं राहण्याची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला तो प्रशिक्षक होता. तिकडे धडधाकट तरुणाला सक्तीनं सैन्यात जावं लागतं, आणि संघातला पार्क चू-यंग ते टाळतोय असा देशभर गदारोळ उठला होता. होंग पार्कला शेजारी बसवून पत्रकारांना म्हणाला, हा गेला नाही तर याच्याऐवजी मी जातो. ब्राँझपदकाचा सामना कार्डिफला, आणि तोही जपानशी. पहिला गोल पार्कचाच. कोरिया २-० जिंकला. ऑलिंपिक पदक मिळालं की सैन्यसेवेतून सूट मिळते, पण त्यासाठी एकदा तरी मैदानात उतरलेलं असावं लागे. किम की-ही तोवर एक मिनिटही खेळला नव्हता. सामना संपता संपता होंगनं त्याला आत पाठवलं. तो चेंडूला किती वेळा शिवला कोण जाणे, पण पोराच्या आयुष्यातली जवळजवळ दोन वर्षं वाचली. कुणाला हा हिशेबीपणा वाटेल, मला नाही वाटत.

दोन वर्षांनी ब्राझीलच्या विश्वचषकाला त्यानं याच पार्कला पुन्हा नेलं. पार्क तेव्हा क्लबकडून खेळतच नव्हता म्हटलं तरी चालेल. जिथे पदक आलं होतं, तिथे आता वशिलेबाजीचा शिक्का बसला. रशियाशी बरोबरी, अल्जीरियाकडून ४-२ अशी धुलाई, बेल्जियमकडून हार. इंचनच्या विमानतळावर संघ उतरला तेव्हा लोकांनी चिकट मिठाई फेकून मारली. तिकडे शिवी द्यायची तर त्या मिठाईचं नाव घेतात. आणि परीक्षेला निघालेल्या पोरांना शकुन म्हणून देतात तीही हीच, यशाला चिकटून राहा म्हणून! तिळगूळ वाटणाऱ्या माणसाला हे झेपायला वेळ लागतो. होंगनं थोड्याच दिवसांत राजीनामा दिला.

मग चीनमधला एक क्लब, मग फुटबॉल संघटनेतली खुर्ची. २०२१ मध्ये तो उल्सानला आला. हा क्लब दरवर्षी शेवटच्या वळणावर दुसरा यायचा. होंगनं २०२२ मध्ये सतरा वर्षांनी विजेतेपद आणलं आणि २०२३ मध्ये पुन्हा. इथेच थांबला असता तर गोष्ट छान झाली असती. पण २०२४ च्या जुलैत, हंगाम अर्धा झालेला असताना, तो उल्सान सोडून पुन्हा राष्ट्रीय संघाकडे गेला. आधी नाही नाही म्हणून. निवड कशी झाली यावर संसदेत प्रश्न विचारले गेले. सप्टेंबरमध्ये सोलच्या मैदानात पॅलेस्टाइनविरुद्ध ०-० सामन्यात पडद्यावर त्याचा चेहरा आला की हुर्यो. बावीस वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी हा देश रस्त्यावर नाचला, त्याला. पुढच्या वर्षी जूनमध्ये बसऱ्यात इराकला २-० हरवून त्यानं संघाला २०२६ च्या विश्वचषकात नेलं, तरी हुर्यो काही पुरती थांबली नाही.

मला या माणसाचा एवढा कळवळा, पण खरं सांगू? त्या संध्याकाळी मी उल्सानचा असतो आणि सोलच्या मैदानात असतो, तर मीही घसा बसेपर्यंत ओरडलो असतो. असा अर्ध्यावर डाव सोडून जातं का कुणी!