खलिफाला न रुचलेली ठाण्याची स्वारी

इस्लामच्या आरंभकाळातील स्वाऱ्यांचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा थेट ७१२ मधील सिंधच्या लढाईपाशी जाते. त्याच्या पाऊणशे वर्षे आधी, इ. स. ६३६ च्या सुमारास, अरबांची एक फौज समुद्रमार्गे आपल्या ठाण्यापर्यंत येऊन गेली होती. मला या स्वारीपेक्षाही तिच्यावर मदिनेतून आलेले उत्तर अधिक मोलाचे वाटते.

नवव्या शतकातील इतिहासकार अल-बलाझुरी ही हकिकत देतो. खलिफा उमर यांनी हिजरी १५ मध्ये बहरीन व ओमानचा कारभार सकीफ जमातीतील उस्मान बिन अबुल आस याच्याकडे सोपवला. त्याने भाऊ हकम याला बहरीनला धाडले, स्वतः ओमान गाठले आणि ठाण्याकडे फौज रवाना केली. ती परतल्यावर त्याने खलिफाला कळवले, तेव्हा खरमरीत उत्तर आले: तू किड्यांना लाकडावर (म्हणजे माणसांना जहाजांवर) बसवून पाठवलेस, ती माणसे दगावली असती, तर तेवढीच माणसे मी तुझ्या जमातीकडून वसूल केली असती.

हा राग क्षणिक नव्हता. यर्मूकची लढाई जिंकून सीरियाचे दार उघडण्याचे वर्षही ६३६ च. पण ते सारे यश जमिनीवरचे होते, आणि आपल्या व फौजेच्या मध्ये पाणी नसावे असा उमर यांचा कटाक्ष होता. इजिप्त जिंकल्यावर नवी राजधानी फुस्तात नाईलच्या पूर्व काठावर वसली, ती यामुळेच. सीरियाचा सुभेदार मुआविया सायप्रसवर आरमार नेण्याची परवानगी मागत राहिला, तीही उमर यांनी दिली नाही. ती पुढे तिसरे खलिफा उस्मान यांनी दिली आणि ६४९ मध्ये सायप्रसवर स्वारी झाली. प्रत्येक मोहीम मदिनेत बसून आखली जात होती, हे रूढ चित्र ठाण्याच्या या प्रकरणापुढे टिकत नाही. दूरच्या सुभ्यावरचा महत्त्वाकांक्षी माणूस आधी फौज पाठवी आणि मग कळवी.

इकडे कोकणात तेव्हा बदामीच्या चालुक्य दुसऱ्या पुलकेशीचा अंमल होता. त्याच्या ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात, मदमत्त हत्तींसारख्या शेकडो नौका घेऊन त्याने कोकणातील पुरी या बंदराला वेढा घातल्याचे वर्णन आहे. म्हणजे आलेल्या अरबांसमोर आरमार बाळगणारी सत्ता होती. ठाण्यातील लुटीचा वा विजयाचा एकही शब्द बलाझुरी लिहीत नाही, सिंधमधील देबल बंदराच्या खाडीतील अरबांचा विजय मात्र आवर्जून नोंदवतो. त्यामुळे ठाण्यात अरबांच्या हाती फारसे काही लागले नसावे, असे माझे मत आहे.