रिव्हॉल्वरचा भाव ठरवताना

मार्च ते मे मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाड्यावाड्यांवरून काजूच्या बिया खरेदी करतो. बागायतदाराला पैसे रोख लागतात, त्यामुळे हंगामात रोज रकमेची पिशवी घेऊन केरीच्या रस्त्याने काळोख पडल्यावर परतणे आले. एकदा दोघांनी मोटारसायकल आडवी घालून माझी गाडी अडवली. त्या रात्रीनंतर मी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला. पोलीस चौकशी, हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या फेऱ्या यांत वर्ष गेले आणि २०२४च्या जानेवारीत परवाना हातात पडला. अर्जाची माहिती सगळीकडे मिळते. भावाबद्दल मात्र मला कुणी नीट सांगितले नव्हते, म्हणून हे लिहितो आहे.

गोव्यात परवानाधारक विक्रेते मोजकेच आणि भाव तोंडी. कानपूरच्या सरकारी कारखान्याच्या ३२ बोअर (नळीचे माप) रिव्हॉल्वरला पहिल्या दुकानात १ लाख ४२ हजार सांगितले, दुसऱ्यात १ लाख २८ हजार. कारखाना तोच, मॉडेल तेच. माझ्यासोबत वाळपईचे आमचे सुभेदारकाका होते, सैन्यातून निवृत्त झालेले. दुकानाबाहेर येताच ते म्हणाले, "बाबा, तुला मूळ दर माहीत नाही, मग तू घासाघीस कशावर करणार?"

घरी येऊन कारखान्याच्या विक्री विभागाला फोन केला. परवानाधारकाला थेट कारखान्यातूनही घेता येते, त्यामुळे दर सांगायला ते तयार असतात. त्यावर तेव्हाचा २८ टक्के जीएसटी धरला. दुसरा विक्रेता त्या आकड्यावर एकवीस हजार मागत होता, पहिला पस्तीस. मग कानपूरला जाण्याचा हिशेब मांडला. माझा परवाना गोव्यापुरताच, म्हणजे हत्यार राज्यांच्या हद्दी ओलांडून आणायला वेगळी परवानगी. शिवाय प्रवास, मुक्काम, बुडालेले दिवस. विक्रेत्यालाही माल आणायला परवानगी घ्यावी लागते, साठ्याची नोंदवही ठेवावी लागते, पोलिसांची तपासणी असते. त्याला काहीच सुटू नये, असे मला कधी वाटले नाही. मी स्वतः व्यापारी आहे. बारा हजार त्याला मिळावेत, इथपर्यंत माझे मन तयार झाले.

मार्चच्या सुरुवातीला दुसऱ्या दुकानात पुन्हा गेलो. विक्रेता म्हणाला, "शेट, आचारसंहिता लागणार, आत्ताच घ्या. नंतर अडकून पडाल." क्षणभर मी घाबरलो. काका मात्र शांत होते. आचारसंहिता लागली की बहुतेक परवानाधारकांना हत्यार ठाण्यात जमा करायला सांगतात. आज पैसे मोजायचे आणि पंधरा दिवसांत रिव्हॉल्वर ठाण्याच्या कपाटात ठेवायचे, यात माझा फायदा कोणता? परवान्यावर खरेदीची मुदत डिसेंबरपर्यंत होती. काजूचा तो हंगाम तसाही हत्याराविनाच जाणार होता. मी थांबलो. १६ मार्चला आचारसंहिता लागली, ७ मेला गोव्यात मतदान झाले, ४ जूनला निकाल लागला.

मधल्या काळात पहिल्या दुकानातून फोन आला: वेब्ली कंपनीचे एक जुने विलायती रिव्हॉल्वर आहे, २ लाख ६० हजार. आयात १९८०च्या दशकातच बंद झाल्यामुळे जुन्या परदेशी हत्यारांचे भाव असे चढलेले असतात. बघायला गेलो. काकांनी आधी सिलिंडर (काडतुसांची घरे असलेला फिरता भाग) उघडून सहाही घरे रिकामी असल्याची खात्री केली, प्रत्येक घरात करंगळीचे टोक घालून. मग चाप पूर्ण दाबून धरला आणि सिलिंडर दोन बोटांत पकडून हलवला. तो डावीउजवीकडे डुलला, म्हणजे आतली पकड झिजलेली. स्क्रूच्या खाचा चुरडलेल्या होत्या आणि नळीवरच्या ताज्या काळ्या-निळ्या मुलाम्याखाली गंजाचे खड्डे उजेडात तिरपे धरल्यावर दिसत होते. काकांनी ते गल्ल्यावर ठेवले आणि विक्रेत्याला एवढेच म्हणाले, "यातून गोळी झाडू नका." नावाला भुलून मी तेच घेतले असते, हे मला मान्य आहे.

ओळखीच्या एकाकडचेही एक विकाऊ होते. खासगी व्यवहारात जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. त्याची तेवढी तयारी नव्हती, म्हणून विषय सोडला.

जूनच्या मध्याला, भर पावसात, दुसऱ्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हते. मी खिशातून कागद काढला, कारखान्याचा दर, जीएसटी आणि त्याचे बारा हजार असे तीन आकडे त्याच्यापुढे ठेवले. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पंधरा करा." त्यात कव्हर आणि नळी साफ करायची सळई धरली का, असे विचारले, कारण आधी त्यांचे पाच हजार वेगळे सांगितले होते. तो हो म्हणाला. परवान्यावर नोंद करून देण्याचे पैसे मी काढून टाकले, ते काम माझे मी करणार होतो. काडतुसांचा भाव मात्र सुटला नाही. तिथे मी ताणले नाही.

एक गोष्ट मी साफ नाकारली. "बिल थोडे कमी करतो, उरलेले रोख द्या," असे त्याने सुचवले होते. उद्या हे रिव्हॉल्वर विकायचे झाले, चोरीला गेले किंवा चौकशी आली, तर माझ्या बाजूने तोच कागद बोलणार. पूर्ण रकमेचे बिल घेतले, त्यावर हत्याराचा क्रमांक लिहून घेतला. आता २२ सप्टेंबर २०२५पासून पिस्तूल-रिव्हॉल्वरवर ४० टक्के जीएसटी आहे, त्यामुळे असा आग्रह तुम्हालाही होईल. बळी पडू नका.

दुसऱ्या दिवशी पणजीला जिल्हाधिकारी कार्यालयात हत्यार दाखवायला नेले. कारकुनाने परवान्यावर क्रमांक लिहिला. काकांनी चष्मा लावला आणि रिव्हॉल्वरवरचा एकेक आकडा मोठ्याने वाचू लागले. मी परवान्यावर आणि बिलावर बोट ठेवून जुळवत गेलो. बिलावर शेवटच्या तीनाचा आठ झाला होता. आम्ही तिथूनच परत दुकानात गेलो आणि बिल बदलून घेतले.