तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या कॅटफिशला कृष्णेत का सोडत नाही?

घरी आलेलं माणूस टाकीसमोर जरा रेंगाळतं आणि हमखास विचारतं, "ताई, एवढा मोठा झालाय, आता सोडून द्या की कृष्णेत. नदी काय, चार पावलांवर." विचारण्यामागे माशाबद्दलची मायाच असते, काहींच्या मनात मासे सोडण्याचं पुण्यही असतं. म्हणून सविस्तर सांगते.

हा जिराफ कॅटफिश. अंगावर तपकिरी जाळीदार नक्षी, तोंडाशी मिशांच्या तीन जोड्या, खवला एकही नाही. मूळचा आफ्रिकेतला; नाईल, नायजर, काँगो या नद्यांत आणि टांगानिका सरोवरात सापडतो. दुकानात बोटाएवढं पिल्लू मिळतं, पण निसर्गात तो 70 सेंटिमीटरपर्यंत वाढतो.

कृष्णेत मरळ आहे, वांब आहे, शिवडा आहे, शिंगाळा आहे. शिवडा आणि शिंगाळा तर याच्यासारखेच मिशावाले. त्यांच्या नदीत परका मासा सोडला की काय होतं, हे आपण मांगूरवरून बघितलंय. आफ्रिकेतला हा मांगूर शेततळ्यांसाठी आणला गेला. तो हवेतला श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरकत दुसऱ्या पाण्यात जातो आणि समोर येईल ते खातो. केंद्र सरकारने 2000 सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी चोरून पालन चालूच राहिलं. शेवटी हरित लवादाच्या आदेशानंतर उजनीकाठची तळी उपसून साठे नष्ट करावे लागले. माझा मासा स्वभावाने मांगूरसारखा नाही, हे खरं. एकटा आहे, त्याची वीण वाढणार नाही, हेही खरं. पण टाकीतले जंतू आणि परजीवी त्याच्यासोबत नदीत जातील, त्याचं काय? शिवाय "माझा एकच तर आहे" असं प्रत्येकजण म्हणतो. टाकीची काच चाटून साफ करणारा सकर मासा आपल्या देशातल्या कितीतरी तळ्यांत असाच एकेक करून पोचला.

आणि त्याच्या बाजूनेही बघा. वर्षानुवर्षं ठरल्या वेळी खाणं मिळालेला मासा पावसाळ्यातल्या लोंढ्यात काय करणार?

मग घरात त्याला नीट ठेवणं आलं. लोक टाकीची उंची विचारतात, मी रुंदी सांगते. हा तळाशी राहणारा मासा, त्याला अंग वळवता आलं पाहिजे. माझी टाकी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच आहे, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण साडेआठशे लिटर. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू. धारदार खडी घातली तर मिशा झिजतात, आणि मिशा म्हणजे त्याची चव आणि स्पर्श. रात्री दिवे मालवले की तो वाळूत तोंड खुपसतो, घास घेतो आणि कल्ल्यांतून वाळू बाहेर सोडत हळूहळू पुढे सरकतो. हे बघताना माझं जेवण निवून जातं.

खाणंही रात्रीच. बुडणाऱ्या गोळ्या, सोललेली कोळंबी, गांडुळं, कधी वाफवलेला मटार. सोसायटीतली मुलं चिकन घालू का विचारतात. नको रे बाळांनो, ती चरबी त्याला सोसत नाही. मोठा मासा घाणही मोठी करतो. नुसत्या फिल्टरवर भागत नाही. दर आठवड्याला साधारण तिसरा हिस्सा पाणी बदलते. नळाचं पाणी ड्रममध्ये घेऊन अँटी-क्लोरीन टाकल्याशिवाय टाकीत ओतत नाही. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की ह्यात जास्तच काळजी घेते. खवले नसल्यामुळे औषध त्याला लवकर बाधतं, तेव्हा बाटलीवरचा डोस डोळे झाकून घालायचा नाही. हलवायची वेळ आली तर जाळी वापरू नका, कल्ल्यांमागचे काटे तिच्यात अडकतात. टब बुडवून पाण्यासकट उचला.

सांगलीत राहून पुराचा विचार न करता टाकी मांडता येत नाही. आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात तळमजल्यावर टाकी ठेवली असती तर सोडायचं की नाही, हा प्रश्न नदीनेच सोडवला असता. म्हणून ती दुसऱ्या मजल्यावर आहे, इंजिनिअरला दाखवून, तुळईच्या वर, भिंतीलगत. एवढ्या वजनाला नुसत्या अंदाजावर जागा देऊ नये. पुरात वीज जाते ती लवकर येत नाही, तेव्हा बॅटरीवरचे दोन एअरपंप तयार असतात. अशा वेळी त्याचं खाणं मी बंद करते. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो; खाल्लं नाही की घाण कमी, आणि फिल्टर बंद असताना पाण्यात अमोनिया वाढणं हाच खरा धोका.

तुमच्याकडे असा मासा असेल आणि जागा पुरत नसेल, तर दुकानदाराला परत घेतो का विचारा, मोठ्या टाकीवाल्या हौशी माणसाला फुकट द्या. माझ्यानंतर याला मिरजेचा भाचा नेणार आहे. त्याने टाकीच्या जागेचं माप घेऊन ठेवलंय.