एका आट्याचा फरक

मेचा शेवटचा आठवडा होता आणि आमच्या लोडरच्या बकेटची उजवी पिन दोन दिवस कोरडी चालत होती. कुडाळजवळ आमची चिरेखाण आहे. पाऊस लागला की खाण बंद, त्यामुळे मेमधल्या एकेका दिवसाला किंमत असते. नेमकं तेव्हाच दगडाला घासून पिनेवरचं ग्रीस निप्पल, म्हणजे पिनेत ग्रीस भरायचं तोंड, मुळापासून तुटलं.

निप्पल दिसायला करंगळीच्या टोकाएवढं. पण जांभ्याची लाल धूळ कोरड्या पिनेत शिरली की ती पिन आणि तिच्याभोवतीचं धातूचं कडं, म्हणजे बुश, दोन्हींना पॉलिश पेपरसारखी खाते. बुश बदलता येतो. बुशाच्या मागचं भोकच अंडाकृती झालं तर मात्र लाइन बोअरिंगशिवाय, म्हणजे भोक पुन्हा गोल कापून घेतल्याशिवाय, गत्यंतर नाही आणि मशीन कित्येक दिवस उभं. हे मी एकदा सोसलेलं आहे, म्हणून ऑपरेटर ‘चालवू या हो, चार दिवसांचा प्रश्न आहे’ म्हणाला तेव्हा मी चावी काढून घेतली.

आत अडकलेला तुकडा उलट्या आट्याच्या एक्स्ट्रॅक्टरने निघाला. तो फेकला नाही, रुमालात बांधून ठेवला. पुढचं सगळं त्या तुकड्यामुळेच जमलं.

बाजारात पहिल्या दुकानात विचारलं, ‘एक सूत ना?’ मी हो म्हटलं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण या आट्यांच्या नावातला १/८ हा आट्याचा व्यास नाही, ते जुन्या नळाच्या आतल्या भोकाचं माप. प्रत्यक्षात आटा भरतो जवळपास १० मिलिमीटर. आपल्याकडे एक सूत म्हटलं की १/८ बीएसपी, म्हणजे ब्रिटिश नळाच्या आट्यांचं निप्पल हातात पडतं, तेच मला मिळालं. ते हाताने सहज आत गेलं, जरा जास्तच सहज. पान्ह्याने आवळताना शेवटी जो कस लागायला हवा तो लागलाच नाही. टेफ्लॉन टेप गुंडाळून पुन्हा बसवलं. ग्रीस गनचा चौथा दाब दिला आणि निप्पल ऑपरेटरच्या खांद्यावरून सुटून गेलं. हाताच्या गनलाही शेकडो बारचा दाब येतो. सैल निप्पलसमोर तोंड धरून कुणीही उभं राहू नये, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दुकानात १० मिलिमीटरचं, १ पिचचं (दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर) निप्पल दाखवलं. ते भोकाच्या तोंडाशीच तिरकं होत होतं. एका गॅरेजवाल्याने सुचवलं, दहाचा टॅप मारून मोकळे व्हा. मी नको म्हटलं. भोकाच्या तोंडाशी जुने आटे दहाहून मोठे होते. त्यांच्यावर दुसरे आटे कापले असते तर धड एकही उरला नसता.

शेवटी कुडाळ एमआयडीसीतल्या एका जुन्या टर्नरकाकांकडे गेलो. त्यांनी तुकडा दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, ‘हो आटो आपलो नाय रे. घाई करू नको, आधी मोज.’ व्हर्नियर लावला. बीएसपीचा बाहेरचा व्यास ९.७३ मिलिमीटर असतो. हा जाड बाजूला १०.२ भरला आणि टोकाकडे निमुळता होत गेला. मग पिच गेज, म्हणजे आट्यांचं अंतर ताडून बघायची दातेरी पानं. इंचाला २८ आट्यांचं पान ठेवलं तर ते डुलत होतं, २७ चं बसलं. बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, याचा ६० चा, म्हणून २८ च्या पानाखालून फटीतून उजेड दिसत होता. इंचाला एक आटा इकडेतिकडे. आमच्या निप्पलला जेमतेम सहा-सात आटे, तिथे हा फरक नुसत्या डोळ्यांना कळणं कठीण.

काकांनी खात्री कशी केली ते मला फार आवडलं. शेजारच्या गॅरेजमधून त्यांनी एका जुन्या इंजिनाचा ऑइल प्रेशर स्विच मागवला. असे बरेच स्विच १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन नळाच्या आट्यांचे असतात. स्विच आणि तुकडा आट्याला आटा लावून उजेडात धरले. दात दातात बसले, कुठे फट नाही. मग आम्ही तोच स्विच खाणीवर नेऊन भोकात फिरवून पाहिला. तीन फेरे हाताने, मग कस लागला. लोडर अमेरिकन बनावटीचा, आणि लिलावात घेतल्यापासून हा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

एवढं कळल्यावर शोध सोपा झाला. फोनवर ‘एक सूत’ म्हणणं मी सोडून दिलं. ‘१/८ एनपीटी, सत्तावीस आटे, नव्वद अंश’, म्हणजे काटकोनात वळलेलं, असं सांगू लागलो. सरळ निप्पल कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं, पण सरळ असल्यामुळेच तर आधीचं दगडाला लागलं होतं. नव्वद अंशाचं मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळालं. आतेभावाने वीस घेतली आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवली. सकाळी हायवेला उभा राहून पुडा उतरवून घेतला.

बसवण्याआधी भोकातलं दगडासारखं झालेलं जुनं ग्रीस तारेने आणि डिझेलने काढलं. निमुळत्या आट्याचा एक फायदा असा की कस लागल्यावरही पाव फेरा पुढे घेता येतो, त्यामुळे निप्पलचं तोंड बकेटच्या आत, दगडापासून दूर वळवता आलं. गन लावली. बराच वेळ काहीच नाही. मग पिनेच्या कडेने आधी लाल चिखल आला, मग काळं ग्रीस, आणि शेवटी स्वच्छ पिवळं. ऑपरेटरने बोटाने पुसून मला दाखवलं.

त्याच संध्याकाळी बाकीची निप्पलं तपासली. डाव्या बाजूच्या दोन्ही भोकांत आधीच्या मालकाने बीएसपी टेप गुंडाळून ठोकलेली निघाली. ती पावसात, मशीन उभं असताना काढायची आहेत. काकांना तसं सांगून ठेवलं आहे.