क्लच प्लेट गेली की गिअरबॉक्स?

आमची हॅचबॅक २००९ सालची, क्लच केबलवाला, म्हणजे पेडल तारेने क्लच ओढतं. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रोजची ये-जा, म्हणजे माजिवडा ते कासारवडवली बहुतेक वेळ पहिला-दुसरा गिअर आणि हाफ क्लच. अशात गायमुखच्या चढाला तिसऱ्यात रेस दिली की इंजिनचा आवाज चढायचा, गाडी मात्र ओढायची नाही. आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे सगळी भिस्त कानावर. वर पोचल्यावर करपलेला वास यायचा. शिवाय क्लच दाबला की किरकिर.

घराजवळच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच निकाल दिला: गिअरबॉक्स वाजतोय, उघडावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच वागळे इस्टेटला ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी आधी गाडी न्यूट्रलला चालू ठेवली. पेडल सोडलेलं, आवाज नाही. दाबलं, किरकिर सुरू. "गिअरबॉक्सचं बेअरिंग असतं तर उलटं झालं असतं साहेब. क्लच सोडल्यावर वाजलं असतं आणि दाबल्यावर गप्प. हे रिलीज बेअरिंग आहे." म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच मोकळा करणारं बेअरिंग. गिअरबॉक्स उघडायचा विषय तिथेच मिटला.

मग हाताने पेडल दाबून पाहिलं. सुरुवातीला थोडं सैल जायला हवं, तो प्ले जवळजवळ नव्हताच. क्लच प्लेट (इंजिनचा जोर घर्षणाने गिअरबॉक्सला देणारी चकती) झिजत जाते तसा केबल क्लचचा प्ले कमी होतो. पार संपला की पाय काढला तरी क्लच किंचित दाबलेलाच राहतो. प्लेट घसरते आणि रिलीज बेअरिंगही सतत फिरून मरतं. म्हणजे माझ्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकत होतं. नट फिरवून त्यांनी प्ले दिला. नुसत्या एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं!

नंतरची परीक्षा सपाट जागेवर: हँडब्रेक पक्का ओढायचा, चौथा गिअर टाकायचा, थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. क्लच ठीक असेल तर इंजिन गपकन बंद पडतं. आमचं चार-पाच सेकंद रडत राहिलं. (पुन्हा पुन्हा करायची ही गोष्ट नाही, उरलीसुरली प्लेटही जळते.)

माझ्या मते खरी हुशारी पुढे दिसली. मिस्त्रींनी गाडी वर घेऊन इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावरून बोट फिरवलं. बोट काळं, चिकट. "प्लेट संपलीच आहे, पण तेल कुठनं आलं ते बघायला पाहिजे. नाहीतर नवीन प्लेटही घसरणार." क्लच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे असतो, म्हणून गिअरबॉक्स न उघडता नुसता उतरवून बघितलं, तर प्लेट झिजून तिचे रिव्हेट पृष्ठभागाला टेकायला आलेले आणि एका बाजूला तेलाचा ओला पट्टा. क्रँकचं मागचं ऑइल सील, म्हणजे इंजिनचं तेल अडवणारी कडी, गळत होतं. फ्लायव्हीलला (प्लेट ज्यावर दाबली जाते ती इंजिनची चकती) तडे किंवा निळे डाग नव्हते, त्यामुळे ते वाचलं.

उतरवायची मजुरी एकदाच द्यायची, म्हणून प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि सील सगळंच एकदम बदललं. केबलही जुनी होती, तीही नवीन टाकली.

आता क्लच बराच खाली पकडतो. पहिले काही दिवस कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी बंद पडून मागच्या रिक्षावाल्यांचं बरंच ऐकून घेतलं. थोडे किलोमीटर झाले की प्ले पुन्हा तपासायला बोलावलंय.