विकतचं चालणार नाही

क्रुसाजवळच्या भिंतीवर आमच्या मंडळाचा एक फळा होता. एरवी त्यावर कुणाच्या महिन्याच्या मिस्सेची (चर्चमधल्या प्रार्थनेची) वेळ, पतपेढीची सभा, असलं काहीबाही लिहिलेलं असायचं. डिसेंबर लागला की मास्तर स्वतः ओल्या फडक्याने फळा पुसत आणि शाळेतल्या त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहीत: ‘नाताळ स्नेहसंमेलन. २७ डिसेंबर, संध्याकाळी ५. प्रत्येक घरातून एक डबा. विकतचं चालणार नाही.’ शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

आमचं गाव वसईत, निर्मळच्या पुढे. गाव म्हणजे आळ्या आणि वाड्या. आमच्या आळीत चाळीसेक घरं. त्यातली बहुतेक ख्रिस्ती, टोकाला पाच-सहा वाडवळांची. सगळ्यांच्या मागे केळी, नारळ, पानवेली, कागड्याची फुलं. पहाटेची विरार लोकल धरून बायका फुलं आणि भाजी मुंबईला नेत. आजीनेही तरुणपणी तांबडं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती टोपली वाहिली होती. तेव्हा ‘घरचं’ ही काही मोठी तत्त्वाची गोष्ट नव्हती. विकत आणायला पैसेच कुणाकडे होते?

तरी एकदा एका आगाऊ पोराने विचारलंच, “मास्तर, मैदा तर विकतचाच असतो की!” मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “मैदा देवाने वसईत पिकवला नाही, त्याला मंडळाचा इलाज नाही. बाकी सगळं पिकवलंय.”

तारखेवरून मात्र दरवर्षी वाद. २६ला का नाही, रविवार बघून का नाही? मास्तर सांगत, २६ संत स्टीफनचा, २८ निष्पाप बालहुतात्म्यांचा, आणि २७ संत योहानाचा सण. योहान लिहिणारा माणूस, म्हणून आपला. आजीचं म्हणणं वेगळं. २४ला शिजवलेलं इंद्याल २७लाच खरं लागतं, आणि मास्तरांना ते ठाऊक आहे. मला आजीचं पटायचं. आळीत २४च्या पहाटे डुकराच्या मटणाचे वाटे होत. सुक्या मिरच्या, लसूण, जिरं, हळद शिरक्यात वाटायची, मटण त्यात मुरवायचं आणि मंद आचेवर शिजवून मातीच्या भांड्यात ठेवायचं. नाताळच्या दिवशी आम्हाला त्यातलं चाखण्यापुरतं मिळे. उरलेलं झाकून. तिसऱ्या दिवशी तेल वर आलेलं असे आणि शिरक्याचा तिखट डंख जाऊन तिथे काहीतरी गोल, खोल चव आलेली असे. फ्रीज तेव्हा आळीत एकाच घरी होता. इंद्यालाला त्याची गरजही नव्हती.

डब्याची तयारी मात्र नोव्हेंबरातच सुरू होई. कोंबड्या थंडीत अंडी कमी घालतात, म्हणून आजी आधीपासून एकेक अंडं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. तांदूळ काढायला हात घातला की बोटांना अंडं लागायचं, आणि लगेच आतून आवाज, “हात जपून!” नारळांची मोजणी माझ्याकडे. नाताळला किती, पुढे लग्नसराईला किती, सगळं कोळशाने भिंतीवर. मेमध्ये कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासलेल्या मसाल्यातली एक बाटली वेगळी काढलेली. नेवऱ्या कापायचं पितळी कातणं आजीने निर्मळच्या कार्तिकातल्या जत्रेत घेतलं होतं. ते वर्षभर तिच्या पेटीत, रोझरीच्या शेजारी.

१६ तारखेला चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होई आणि आमच्याकडे कुलकुल. या दोन्हींचा संबंध मी लहानपणी खरोखरच धार्मिक समजत होते. संध्याकाळी प्रार्थना आटोपून घरी आलो की ओटीवर चटई पसरायची. मैदा, अंडी, नारळाचं घट्ट दूध, चमचाभर लोणी. पीठ आईने मळलेलं असे. मग बोराएवढी गोळी घ्यायची, जेवणाच्या काट्याच्या पाठीवर दाबायची आणि अंगठ्याने ओढत वळवायची, की शिंपल्यासारखी नळी होते. काटे घरात दोनच. म्हणून बाकीच्यांना नव्या कोऱ्या फण्या. बाबा त्या आदल्या दिवशी बाजारातून आणत, आणि त्या वर्षभर केसांना लावायच्या नाहीत अशी सक्त ताकीद असे. काट्याचा कुलकुल रुंद पन्हाळीचा, फणीचा बारीक. दोन भावंडांत काट्यावरून मारामारी ठरलेली.

त्या ओटीवर जेवढं घरातलं कळलं तेवढं पुढे कशातच कळलं नाही. बाबा कामावरून येत, हात धुऊन मुकाट बसत आणि सगळ्यांत सुबक कुलकुल वळत. एरवी घरात एक ताट न उचलणारा माणूस. आजी डोळे मिटून वळायची आणि लॅटिनमधल्या जुन्या मिस्सेचे तुकडे पुटपुटायची. मराठीत मिस्सा सुरू झाली ती व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात. आजीला ती आवडली होती, पण तिच्या मते देवाला दोन्ही येतात, आणि कुलकुल वळताना लॅटिन बरं पडतं.

बाकीचं घाईत होई. खोबरं-तीळ-खसखशीच्या नेवऱ्या, दुधात काजूची पूड आटवून रबरी साच्यांत दाबलेलं मिल्क क्रीम, वर-खाली निखारे ठेवून भाजलेला रवा-नारळाचा केक. दोदोल आमच्यात कुणी करत नसे. गोव्याहून एक सून आली होती, तिच्याकडूनच आळीला कळलं की गूळ आणि नारळाचं दूध ढवळत चार तास उभं राहणं हीसुद्धा एक भक्ती आहे.

पोरांचं काम ख्रिस्तजन्माच्या गोठ्याचं. पत्र्याच्या डब्यांत नाचणी पेरायची, की पंचवीसपर्यंत गोठ्यापुढे हिरवं कुरण तयार. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद खळीने चिकटवून चांदणी. खळ भाताची केली की रात्री झुरळं ती खात आणि सकाळी चांदणीला एक पाय कमी असे.

पंचवीसच्या पहाटे फुगे. मध्यरात्रीच्या मिस्सेहून येऊन आई झोपतच नसे. ताडी घालून भिजवलेलं पीठ रात्रभर फुगलेलं असे. ओल्या मुठीतून अंगठा-तर्जनीच्या फटीतून ते पिळायचं आणि कढईत सोडायचं, की टम्म गोळा होऊन आपोआप उलटतो. पहिल्या घाण्याचे फुगे टोकाच्या वाडवळ काकूंकडे जायचे. त्या दोन दिवसांनी संमेलनाला उकडहंडी घेऊन येत: वालाची पापडी, कोनफळ, करांदे, रताळी, मडक्यात पाल्याने तोंड बंद करून वाफवलेली. त्यांच्या वाडीतलं सगळं. मास्तर म्हणत, नियम पाळावा तर काकूंसारखा, त्यांच्या हंडीत मैदासुद्धा नाही.

आणि मग २७ तारीख. क्रुसाशेजारचं खळं शेणाने सारवलेलं. शाळेतून आणलेली बाकं जोडून व्यासपीठ. कार्यक्रम तेच ते, लिंबू-चमचा, पोत्यातली शर्यत, वेशीपलीकडच्या तरुणांची ख्रिस्तजन्मावरची एक नाटिका. तिच्यात हेरोदाचं काम करणारा दरवर्षी जास्त टाळ्या घेई आणि योसेफाला वाक्यंच नसत. बक्षिसं म्हणजे स्टीलच्या वाट्या. आमच्या घरात अशा सात होत्या, सगळ्या पोत्याच्या शर्यतीच्या.

पण लोक येत ते डब्यांसाठी. लांबच्या लांब दोन मेजांवर चाळीस डबे. डब्यांवर नाव लिहायचं नाही, असाही नियम होता. कुणाचं चांगलं, कुणाचं वाईट हे बोलणं नको म्हणून. उपयोग शून्य. प्रत्येक बाईने झाकणावर खूण केलेली. आमच्या डब्यावर आत्याने नखरंगाचे तीन ठिपके काढले होते. आणि खूण नसती तरी काय? आजी नेवरीचा एक कोपरा चावून सांगायची, “हे अमक्याच्या विहिरीवरल्या नारळाचं.” एकदा म्हणाली, “खसखस जुनी आहे. नवरा घरी पैसे देत नाही वाटतं.” आणि ते खरं निघालं.

एका घरातून सुकेळी येत. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवत ठेवायची, ती मधासारखी तपकिरी होईपर्यंत. मग सुक्या पानात घट्ट बांधायची. आगाशीची सुकेळी मुंबईपर्यंत नावाजलेली, पण त्या घरची वेगळीच. पुडी उघडताना जो वास येई, त्यासाठी मी एकदा त्यांच्या नातवाशी आठ दिवस मैत्री केली होती.

आता माझा गुन्हा. मी दहावीत होते. आजीचा हात मोडला होता, आई तिच्याजवळ दवाखान्यात, आत्या सासरी. बाबांनी पैसे दिले आणि म्हणाले, या वर्षी डबा तू बघ. मी दोन दिवस पुस्तकात डोकं घातल्याचं नाटक केलं, आणि २७च्या सकाळी सायकल काढून स्टेशनाजवळच्या एका बेकरीतून किलोभर कुलकुल आणले. तीन ठिपक्यांच्या डब्यात ओतले. वर घरची पिठीसाखर भुरभुरली, तेवढंच काय ते घरचं.

संध्याकाळी मास्तरांनी त्यातला एक उचलला. फिरवून पाहिला. खाल्ला. दुसरा उचलला, तोही पाहिला. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, “छान झालेत. एवढी सारख्या दातांची फणी कुठे मिळाली, बाय?”

बाकी कुणाला काही बोलले नाहीत. गळ्यात हात अडकवून आजी खुर्चीवर बसली होती. तिने डब्यातला एकही घेतला नाही. घरी जाताना म्हणाली, “व्हॅनिला घालतात मेले.” त्या विषयावर ती पुढे आयुष्यात एवढंच बोलली. दुसऱ्या वर्षी १६ तारखेला मात्र काटा माझ्या हातात आला, भावाने हूं की चूं केलं नाही, आणि मी किती वळले ते मोजायला आजी शेजारी बसली.

त्याच सुमाराला वाड्या बदलू लागल्या. विहिरींना पंप लागले, टँकर भरभरून पाणी बाहेर जाऊ लागलं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि आधी पानवेली गेल्या, मग राजेळी. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसईच्या मोर्चांना आमच्या मंडळातले निम्मेअधिक लोक गेले होते. मास्तर छत्री घेऊन पुढे. पुढे २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या फळ्यावर त्यांचं अभिनंदन लिहिलं गेलं. लिहायला मास्तर नव्हते. अक्षर गिचमिड होतं.

२००९मध्ये महापालिका आली. सुकेळीवाल्यांच्या जागी सात मजली इमारत आहे, तळमजल्यावर केकचं दुकान. त्यांचा नातू ऑस्ट्रेलियात असतो. टोकाच्या वाडवळ काकू गेल्या, पण त्यांच्या सुनेने उकडहंडी सोडली नाही. फक्त करांदे आता ती बाजारातून आणते, आणि दरवेळी मेजावर हंडी ठेवताना उगाचच सांगते, “करांदे बाहेरचे आहेत हं.” जणू मास्तर चष्म्यावरून बघताहेत.

मीही आता वसई पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरीत कढीलिंब आणि कोरफड. २७ला न चुकता जाते. जेवण आता केटररचं असतं, बिर्याणी आणि दोन भाज्या, कारण माणसं दोनशेवर होतात. पण एका कोपऱ्यात डब्यांचं मेज अजून लागतं. गेल्या वर्षी मोजले, अकरा डबे होते. नखरंगाचे तीन ठिपके दोनदा पुन्हा काढावे लागले, डबा तोच आहे. कुलकुल १६लाच वळते, फरशीवर चटई टाकून. भाचा फणी घेतो आणि काटा मी कुणाला देत नाही. खरं सांगायचं तर माझे कुलकुल बाबांसारखे कधीच झाले नाहीत. सगळे वेगवेगळ्या मापाचे. तेवढ्यावरून तरी कुणी शंका घेणार नाही.

फळ्याची भिंत रस्ता रुंद करताना गेली. सूचना आता फोनवर येते, मास्तरांचा मुलगा पाठवतो. मजकूर तोच, शेवटच्या ओळीसकट. गेल्या डिसेंबरात सूचना आल्यावर दोन मिनिटांत माझ्या भाच्याने खाली विचारलं, “नारळ ऑनलाइन मागवला तर चालेल का?”

त्यावर दोन दिवस चर्चा झाली. तीस-पस्तीस जणांनी मतं मांडली. ऑस्ट्रेलियातून सुकेळीवाल्यांच्या नातवानेही. शेवटी मास्तरांच्या मुलाने लिहिलं, “नारळाचं मंडळ बघून घेईल. खवणार कोण, ते सांग.”